एंटर दाबण्यापूर्वी

या ग्रुपवर आपण वाड्यांच्या, गणेशोत्सवांच्या, जुन्या शाळांच्या आठवणी लिहितो. आज मी जरा वेगळं लिहितोय. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण शेवटपर्यंत वाचलंत तर लक्षात येईल की हाही आठवणींचाच विषय आहे. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मी इंदूरचा. १९७३ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो, २०११ मध्ये अधिकारी म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी एक लॅपटॉप घेतला. त्यात विंडोज ७ होतं. १४ जानेवारी २०२० नंतर त्याचे सुरक्षेचे अपडेट बंद झाले आणि लॅपटॉपही इतका सुस्त झाला की चालू करून चहा टाकावा, चहा पिऊन व्हावा, तरी हा तयार नाही. भंगारात द्यायचं ठरवलंच होतं. तेव्हा आमच्या आक्काचा नातू इंदूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. तो म्हणाला, "मामाआजोबा, फेकू नका. मी यात लिनक्स मिंट घालून देतो." २०२० च्या दिवाळीत त्याने ते घातलं. जुनं विंडोज एका कोपऱ्यात तसंच ठेवलं, उरलेल्या थोड्या जागेत लिनक्स बसवलं. लॅपटॉप पुन्हा पळायला लागला.

मला या लिनक्सची एक गोष्ट फार आवडली. विंडोजमध्ये एखादा प्रोग्राम हवा असला की आपण कुठल्या तरी वेबसाइटवरून फाइल उतरवतो आणि देव जाणे तिच्यात काय काय असतं. इथे तसं नाही. इथे एक मोठं भांडार असतं, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. त्यातला प्रत्येक प्रोग्राम म्हणजे एक पॅकेज. भांडाराच्या यादीवर डिजिटल सही असते आणि यादीत प्रत्येक पॅकेजचा ठसा असतो. सही किंवा ठसा जुळला नाही की यंत्र हरकत घेतं. आपण चेक पास करताना स्पेसिमेन सिग्नेचरचं कार्ड काढून बघायचो ना, अगदी तसंच!

हे सगळं बघणाऱ्या प्रोग्रामचं नाव ॲप्ट. काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, 'सुडो ॲप्ट अपडेट' असं लिहिलं की मला वाटायचं, झालं सगळं अपडेट. नातवाने समजावलं की तसं नाही. 'अपडेट'ने फक्त भांडारातली ताजी यादी येते. प्रत्यक्ष नवे प्रोग्राम 'ॲप्ट अपग्रेड'ने येतात. मी म्हटलं, समजलं. हेड ऑफिसचं सर्क्युलर येणं वेगळं आणि शाखेत त्याची अंमलबजावणी होणं वेगळं. तो हसला, पण तेव्हापासून मी कधी चुकलो नाही.

दुसरी गोष्ट समजली ती अवलंबनाची. एक पॅकेज दुसऱ्यावर उभं असतं, दुसरं तिसऱ्यावर. मराठी नीट दिसावं म्हणून मी 'फॉन्ट्स-देव' नावाचं पॅकेज घातलं, तर त्याच्या मागोमाग देवनागरीचे बरेच फॉन्ट आपोआप आले. त्यात एकाचं नाव नकुल आणि दुसऱ्याचं सहदेव. तेव्हा आक्का आमच्याकडे होती. ती म्हणाली, "वा रे, धर्मराजाला बोलावलं की भाऊ आलेच!"

आता आक्काविषयी सांगतो, कारण गोष्ट तिचीच आहे.

आक्का माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. लग्न होऊन ग्वाल्हेरला लष्करात गेली आणि तिथलीच झाली. तिची मराठी म्हणजे इंदूर आणि ग्वाल्हेरची खिचडी, वर हिंदीची फोडणी. २०२१ च्या दिवाळीनंतर ती चार महिने आमच्याकडे राहिली. मी लिनक्सवर ऑडॅसिटी नावाचा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम घातला, एक छोटा माइक आणला आणि दुपारच्या चहानंतर तिला बोलतं केलं. १९४८ साली होळकर संस्थान विलीन झालं तेव्हा ती बारा वर्षांची होती. वडील संस्थानच्या कचेरीत. पुढच्या महिन्याचा पगार कोण देणार, या चिंतेत आई डाळीचे डबे कसे मोजायची, ते तिने सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा ग्वाल्हेरच्या थंडीत आंघोळ करताना कशी रडली, ते सांगितलं. असे अकरा भाग झाले, जवळजवळ सहा तास. प्रत्येक फाइलला मी मराठीत नाव दिलं. २०२२ च्या पावसाळ्यात ग्वाल्हेरला आक्का गेली.

तेराव्याला नातवाने मला बाजूला घेऊन विचारलं, "मामाआजोबा, आजीचं रेकॉर्डिंग मला द्याल?" मी म्हटलं, "देतो रे, जरा साफसूफ करून देतो. खोकला आहे, मधे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या आहेत."

हे अर्धसत्य होतं. खोकला आणि शिट्ट्या होत्याच. पण सातव्या भागात एक वाक्य होतं, ते मला काढायचं होतं.

१९८६ चा डिसेंबर. तेव्हा बँकांचं वार्षिक क्लोजिंग ३१ डिसेंबरला असे. २७ तारखेला ट्रंककॉल आला, भाऊजींना दवाखान्यात ठेवलंय. क्लोजिंग सोडून कसा जाऊ? ३१ ला संपलं की निघतो, असं मी कळवलं. भाऊजी ३१ लाच गेले. मी २ तारखेला पोचलो. आक्काने तेव्हा एक शब्द काढला नाही, पुढे पस्तीस वर्षं काढला नाही. आणि त्या दुपारी माइकपुढे, जणू कुणा तिसऱ्याची गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "याला तिकडे बँकेचा ताळा जुळवायचा होता. मी एकटी बसून राहिली."

मी समोरच बसलो होतो. काही बोललो नाही. रेकॉर्डिंगमध्ये तिथे फक्त कपबशीचा आवाज आहे.

ते वाक्य मुलांनी ऐकू नये असं मला वाटत होतं. म्हणून सहा महिने मी काटछाट करत बसलो. आज इथे कापायचं, उद्या तिथे जोडायचं, प्रत्येक वेळी नवी प्रत जपून ठेवायची. जानेवारी २०२३ मध्ये एका रात्री ऑडॅसिटीने सांगितलं, डिस्कवर जागा नाही.

जागा करायची तर काहीतरी काढायला हवं. मी बसवलेल्या पॅकेजांची यादी उघडली. त्यात 'पायथन' दिसलं. मला एवढंच ठाऊक होतं की पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आहे, कॉलेजची मुलं शिकतात. म्हटलं, नातवाने अभ्यासासाठी घातलं असणार. आता तो पुण्याला नोकरीला, मला या अजगराचं काय काम? मी टर्मिनल उघडलं आणि लिहिलं, 'सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३'.

पडद्यावर नावांची भली मोठी यादी आली. वर लिहिलं होतं, खालील पॅकेजेस काढली जातील. शेवटी प्रश्न होता, पुढे जायचं का? कंसात वाय आणि एन. त्यातला वाय मोठ्या लिपीतला, म्हणजे नुसतं एंटर दाबलं तरी तो होकार धरला जातो.

रात्रीचे पावणेअकरा झाले होते. मी एंटर दाबलं.

ओळी भराभर वर सरकल्या. मग खालची पट्टी विचित्र दिसायला लागली, मेन्यू उघडेना. म्हटलं रीस्टार्ट करू, बँकेतही सगळ्या आजारांवर हेच औषध होतं. रीस्टार्ट केलं तर काळा पडदा आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक छोटी रेघ. बस्स. पुन्हा बंद केलं, पुन्हा सुरू केलं. तीच रेघ.

बायको झोपली होती. मी अंधारात त्या रेघेकडे बघत बसलो. आक्काचा आवाज जगात फक्त या एका यंत्रात होता. पेन ड्राइव्हवर प्रत नाही, कुणाला पाठवलेला नाही. ज्या माणसाने अडतीस वर्षं कार्बन कॉपीशिवाय कागद हलू दिला नाही, त्याने हे केलं! एका वाक्याची लाज वाटली म्हणून सहा तास घालवले. त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी सात वाजता नातवाला फोन केला. आधी खरं सांगून टाकलं की तुझ्या आजीचं सगळं यातच आहे आणि प्रत नाही. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "तुम्ही काय टाइप केलं होतं, तेवढं आठवून सांगा." मी सांगितलं. त्याने मोठा श्वास सोडला. "मामाआजोबा, फायलींना काही झालं नसणार. घाबरू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा."

दाबलं. लॉगिन विचारणारी ओळ आली. नाव लिहिलं. पासवर्ड लिहिताना काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत, ते तसंच असतं म्हणाला. आत गेलो. "आता एलएस लिहा, स्पेस द्या, आणि म्युझिक." लिहिलं.

पडद्यावर चौकोनांच्या रांगा आल्या. बारीक बारीक पांढरे चौकोन. मला वाटलं सगळं बिघडलं. तो म्हणाला, "त्या काळ्या पडद्याला देवनागरी येत नाही, म्हणून चौकोन दिसतात. रांगेच्या शेवटी काय आहे?" शेवटी 'डब्ल्यूएव्ही' असं लिहिलेलं होतं. "मोजा." बऱ्याच रांगा माझ्या कापलेल्या प्रतींच्या होत्या, पण मूळ भागांच्या नावांना मी शेवटी आकडे दिले होते आणि ते इंग्रजी आकडे स्पष्ट वाचता येत होते. एक ते अकरा. मी बोट ठेवून मोजले, दोनदा मोजले, कॅश मोजतात तसे.

मग त्याने मला जे सांगितलं ते आपल्या वयाच्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. लिनक्समध्ये प्रोग्राम एकीकडे राहतात आणि आपल्या फायली दुसरीकडे, 'होम' नावाच्या फोल्डरमध्ये. ॲप्ट पॅकेज काढतं तेव्हा ते आपल्या होमला हात लावत नाही. दुकानाची कपाटं आणि काउंटर गेले, तिजोरी जागच्या जागी होती.

आणि पायथन? तो मुलांचा अभ्यास नव्हताच. मिंटचा डेस्कटॉप, ज्याचं नाव सिनॅमन, तो त्याच्यावर उभा. अपडेट मॅनेजर त्याच्यावर, सॉफ्टवेअर मॅनेजर त्याच्यावर. खालची वीट काढली आणि वरचं सगळं गेलं. पण लपूनछपून काही गेलं नव्हतं. प्रत्येक नाव त्या यादीत होतं. यंत्राने आधी दाखवलं, मग विचारलं, मग केलं.

नातवाने मला आणखी एक फाइल उघडायला लावली. ॲप्टची हिस्टरी लॉग. मंडळी, ती बघून मी थक्क झालो. ते चक्क डे-बुक आहे! कधी सुरू झालं, कुठली आज्ञा दिली, काय आलं, काय गेलं, कधी संपलं, सगळी नोंद. त्यात एक ओळ असते, 'रिक्वेस्टेड बाय', म्हणजे कुणाच्या सांगण्यावरून. तिथे माझंच नाव होतं.

मला माझा पहिला मॅनेजर आठवला. मी नवा अधिकारी असताना संध्याकाळी व्हाउचरांच्या गठ्ठ्यावर न बघता सह्या मारल्या होत्या. एका व्हाउचरची रक्कम चुकीच्या खात्याला गेली आणि आम्ही रात्री अकरापर्यंत फरक शोधत बसलो. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सही म्हणजे वाचल्याची पावती असते." पुढे मी हे वाक्य प्रत्येक नव्या क्लार्कला ऐकवलं.

दुरुस्ती सोपी निघाली. इंटरनेटच्या डब्यातून लॅपटॉपला केबल जोडली. 'सुडो ॲप्ट अपडेट' केलं, मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल मिंट-मेटा-सिनॅमन'. हे मेटा पॅकेज म्हणजे नुसती यादी, पण तिच्या मागोमाग अख्खा डेस्कटॉप परत येतो, पायथनसकट. या वेळी यादी आली तेव्हा मी प्रत्येक नाव फोनवर वाचून दाखवलं. तो बिचारा कंटाळला असेल, पण ऐकत राहिला. मग एंटर. पाऊण तासाने रीस्टार्ट केलं तर सगळं जसंच्या तसं, मागचं चित्रसुद्धा तेच, कारण त्या आवडीनिवडीही होममध्येच असतात.

माझी समजूत घालायला त्याने सांगितलं की यूट्यूबवरच्या लायनस सबॅस्टियन या नावाजलेल्या तंत्रज्ञानवाल्यानेही २०२१ मध्ये असाच पराक्रम केला होता. स्टीम हा गेमचा प्रोग्राम घालायला गेला आणि डेस्कटॉप उडवून बसला. त्याला तर यंत्राने 'येस, डू ॲज आय से' असं पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं होतं. त्याने तेही केलं! मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जागेचा हिशेबही झाला. पायथनने फारशी जागा अडवलीच नव्हती. जागा खाल्ली होती माझ्या काटछाटीच्या प्रतींनी आणि थोडी जुन्या कर्नलांनी. नवं कर्नल आलं की जुनं आपोआप जात नाही, ते अपडेट मॅनेजरमधून काढता येतं.

फोन ठेवताना तो म्हणाला, "आजीच्या फायली आजच पाठवा. जशा आहेत तशा."

मी सातवा भाग लावला. सहा महिने मी ते वाक्य ज्या ठिकाणी कापायला बघत होतो, त्याच्या पुढचं कधी नीट ऐकलंच नव्हतं, हात तिथेच थांबायचा. त्या दिवशी ऐकलं. कपबशीचा आवाज होतो, आक्का खोकते आणि मग म्हणते, "पण मग पोराची फी यानेच भरली, सहा वर्षं. मागितली नव्हती. आता काय करून राहिलास, चहा पी, थंडा होतोय."

आधीचं वाक्य काढलं असतं तर या वाक्याला अर्थच उरला नसता. 'पण मग' कशावर उभं राहणार?

त्या संध्याकाळी अकराही भाग सगळ्यांना पाठवले. खोकला, शिट्ट्या, सगळं ठेवून. भाच्याचा ग्वाल्हेरहून फोन आला. सातव्याबद्दल तो एवढंच बोलला, "मामा, आईने हे आम्हाला फार पूर्वी सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी." दोन्ही गोष्टी! आणि मी सहा महिने कात्री घेऊन बसलो होतो.

आता आपल्यापैकी कुणी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स वापरत असेल तर त्यांच्यासाठी चार शब्द. टाइमशिफ्ट नावाचा प्रोग्राम मिंटमध्ये आधीपासून असतो, तो पहिल्याच दिवशी चालू करा. माझ्यासारखं 'नंतर बघू' म्हणू नका. तो सिस्टिमची प्रत ठेवतो, पण होममधल्या फायली सहसा त्यात नसतात, म्हणून त्यांची वेगळी प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा, एक घरात आणि एक दुसऱ्या गावी. काही काढायचं असेल तर काढताना आणखी काय काय जाणार, ती यादी पूर्ण वाचा. एखादं नाव कळलं नाही तर एन दाबा. नाही म्हटल्याने कधी काही बिघडत नाही.

आणि एक. पॅकेज काढल्यावर कधी कधी ॲप्ट कळवतं की अमुक अमुक पॅकेजेस आपोआप आली होती आणि आता त्यांची गरज उरलेली नाही, 'ऑटोरिमूव्ह'ने काढता येतील. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे वाक्य वाचून जरा हसू येतं. पण त्यावरही उपाय आहे. 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' लिहून पुढे नाव लिहिलं की यंत्र समजतं, हे आपोआप आलेलं असलं तरी मालकाला हवं आहे, याला झाडून टाकायचं नाही. फक्त ते नाव घेऊन सांगावं लागतं.

आपल्या घरात अजून कुणी आक्का, काकू, नाना असतील तर त्यांना बोलतं करा, रेकॉर्ड करा आणि त्याच दिवशी दुसऱ्याला पाठवा. साफसूफ नंतर होईल. नाही झाली तरी चालेल.

चूकभूल द्यावी घ्यावी.